विस्मृतीच्या व्याधीवर सागरी उतारा

ठाण्यातील नौपाडा ही वस्ती शिक्षक, कारकून, बँकांतील आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकरदार यांच्या बिऱ्हाडांनी वाढली. त्या पिढीची मुले पुढे पुण्यास, बंगळूरास किंवा परमुलखात गेली, आणि जुन्या चाळी व बैठे बंगले पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत आज मागे उरली आहेत ती पुष्कळ अंशी सत्तरी ओलांडलेली माणसे. अशा घरात स्मृतिभ्रंश शिरला म्हणजे घराची दैनंदिनी कशी पालटते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावे लागत नाही. आजी दूध गॅसवर ठेवून विसरतात. दागिन्यांचा डबा स्वतःच गादीखाली दडवतात आणि तो चोरीस गेला म्हणून सुनेला जाब विचारतात. आणि दिवेलागण झाली की ज्या घरात सारा संसार केला त्याच घराच्या दाराशी पिशवी घेऊन उभ्या राहतात व "मला आता घरी पोचवा गं" म्हणून विनवतात. आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास स्त्रीपुरुष या अवस्थेत आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला.

समुद्रातील एखाद्या शैवालाचे वा स्पंजाचे द्रव्य मेंदूत साचलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या रोखते, अशी वार्ता जेव्हा अशा घरात येऊन पोचते, तेव्हा ती केवळ कुतूहलाची बाब राहत नाही. तिच्या भरवशावर निवृत्तिवेतनातला पैसा बाहेर पडतो, चालू उपचारांत फेरफार होतो, आणि रात्ररात्र जागणाऱ्या मुलीच्या मनात एक नवी अपेक्षा रुजते. म्हणून या वार्तेची शहानिशा करणे हे मी केवळ शास्त्रज्ञांचे काम मानत नाही. माझे प्रतिपादन असे आहे की, या व्याधीच्या अभ्यासात समुद्राचे साह्य खरे आहे आणि ते वाढत जाणार आहे, परंतु त्या साह्याचे स्वरूप मुख्यत्वे शिक्षकाचे आहे, पुरवठादाराचे नाही. आणि हा भेद न ओळखता जो पैसा, जी बुद्धी आणि जी आशा आपण अर्कांच्या जाहिरातीकडे वळवतो, ती पडताळणीच्या नीरस कामाकडे वळवल्याखेरीज या किनाऱ्यावरून काहीही हाती लागणार नाही.

प्रथम व्याधीचे मूळ पाहू. शरीरातील प्रत्येक प्रथिन ही अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते, आणि ज्याप्रमाणे वारभर कापड हे नेमक्या घड्या पडल्यावाचून पागोटे होत नाही, त्याप्रमाणे बहुतेक प्रथिनांची साखळी ठराविक तऱ्हेने दुमडल्यावाचून कामाची होत नाही. काही प्रथिनांची घडी वयोमानाने, आनुवंशिक दोषाने किंवा अन्य कारणाने बिघडते. बिघडलेले रेणू एकमेकांस चिकटतात, त्यांचे लहान पुंजके होतात, पुंजक्यांचे तंतू होतात आणि तंतूंचे थर पेशींच्या आत किंवा बाहेर साचत जातात. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेनच्या सभेत एका मृत स्त्रीच्या मेंदूतील असेच थर व गुंते वर्णन केले. फ्रिड्रिश लेवी यांनी १९१२ साली कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत गोलाकार कण दाखवले. हे थर कोणत्या द्रव्याचे आहेत हे ठरण्यास मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली. अल्झायमरच्या थरांतील बीटा-अमिलॉइड या छोट्या प्रथिनखंडाची रचना ग्लेनर आणि वाँग यांनी १९८४ साली उलगडली, तर लेवींच्या कणांतील अल्फा-सिन्युक्लीन १९९७ साली ओळखले गेले. नौपाड्यापासून फारशा दूर नसलेल्या पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत समीर माजी यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली असे दाखवून दिले की, हे अल्फा-सिन्युक्लीन तंतू होण्यापूर्वी द्रावणातून वेगळे होऊन अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने जमते, आणि प्रारंभी एकमेकांत सहज मिसळणारे हे थेंब काळ जाईल तसे घट्ट होत होत अखेर तंतूंना जन्म देतात. या शोधाचे महत्त्व असे की, औषधाने नेमके कोठे आडवे यावे, थेंबापाशी, पुंजक्यापाशी की तंतूपाशी, हा प्रश्न त्यामुळे अधिक काटेकोरपणे विचारता येऊ लागला.

आता समुद्राकडे वळू. स्पंज, प्रवाळ आणि खडकाला जन्मभर चिकटून राहणारे असंख्य जीव यांना पळता येत नाही, दात नाहीत, नख्या नाहीत. त्यांचे संरक्षण त्यांच्या रसायनांत आहे, आणि ती रसायने पाण्यात विरून जात असल्यामुळे अत्यल्प मात्रेतही प्रभावी असणे त्यांना भाग पडले आहे. जमिनीवरील वनस्पतींत न आढळणाऱ्या रेणूंच्या घडणी समुद्रात सापडतात त्या यामुळे. १९५० च्या सुमारास वेर्नर बेर्गमान यांना कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात नेहमीपेक्षा निराळी शर्करा धारण करणारे न्यूक्लिओसाइड आढळले. त्या नमुन्याबरहुकूम रसायनशाळेत घडवलेले सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध १९६९ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि आजही ते रुग्णालयांत वापरले जाते. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये: रोग्याच्या शिरेत जे जाते ते स्पंजातून पिळून काढलेले नसते, स्पंजाने केवळ घडण शिकवली. शंखवर्गीय गोगलगाईच्या विषावरून घडलेले वेदनाशामक झिकोनोटाइड २००४ साली मंजूर झाले, तेही कृत्रिमरीत्या तयार होते. याउलट जेथे समुद्रजीवालाच कोठार समजावे लागले तेथे काय घडले, याचा दाखला ब्रायोस्टॅटिन या सागरी द्रव्याचा आहे. जहाजांच्या तळाला लागणाऱ्या एका क्षुद्र जीवाचे सुमारे तेरा टन गोळा केल्यावर त्यातून अवघे १८ ग्रॅम द्रव्य निघाले. ज्या व्याधीचे रोगी आपल्या देशातच लाखांनी मोजले जातात, तिच्यावर असा मार्ग योजणे म्हणजे समुद्रतळ खरवडून काढण्याचेच फर्मान होय.

गुठळ्या रोखण्याच्या प्रयत्नांत समुद्राचा जो रेणू सर्वांत पुढे गेला, त्याची कथा तपशिलाने सांगण्याजोगी आहे. तांबड्या शैवालांत होमोटॉरिन नावाचे एक साधे, लहान, गंधकयुक्त आम्ल असते. शरीरातील गंधकयुक्त शर्करांच्या लांब साखळ्या बीटा-अमिलॉइडला धरून ठेवतात आणि त्याच्या तंतूंना आधार देतात, हे आधीच लक्षात आले होते. तेव्हा त्या साखळ्यांची जागा एखाद्या छोट्या गंधकयुक्त रेणूने बळकावली तर तंतूंचा आधारच निघून जाईल, असा तर्क कॅनडातील संशोधकांनी केला. तर्क सुरेख होता. प्रयोगशाळेत व उंदरांत तो खरा ठरला. ट्रॅमिप्रोसेट या नावाने हा रेणू उत्तर अमेरिकेत एक हजारांहून अधिक रोग्यांना ७८ आठवडे देण्यात आला, आणि २००७ साली जेव्हा निष्कर्ष हाती आले तेव्हा औषध घेणारे व न घेणारे यांच्या स्मरणशक्तीत विश्वासार्ह तफावत दाखवता आली नाही.

येथवर जे झाले त्यात खेद वाटण्याजोगे असले तरी लज्जास्पद काही नाही. विज्ञानाचा मार्ग अशा अपयशांतूनच जातो, आणि याच रेणूचे सुधारलेले रूप पुढे नव्या चाचण्यांस घेतले गेले, हेही योग्यच झाले. आक्षेपार्ह आहे ती पुढील गोष्ट. औषध म्हणून जे सिद्ध होऊ शकले नाही, तेच द्रव्य पुढील वर्षी स्मरणशक्तीला पोषक असा अन्नपूरक पदार्थ म्हणून विक्रीस आले. औषधाला पुराव्याचा दाखला लागतो, अन्नपूरकाला तो तितकासा लागत नाही. कायद्याच्या या फटीतून नापास झालेला रेणू घराघरांत पोचला. आपल्याकडे नैसर्गिक आणि समुद्रजन्य या दोन शब्दांना ग्राहकाच्या मनात जे स्थान आहे, ते पाहता हीच फट येथे अधिक रुंद होण्याचे भय मला वाटते.

गंधकयुक्त शर्करांबद्दल आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण समुद्रशैवालांत त्यांची विपुलता आहे आणि शैवालांच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादाचा पुष्कळसा भार त्यांच्यावरच आहे. तपकिरी शैवालांतील फ्युकॉइडन बीटा-अमिलॉइडच्या विषारीपणापासून पेशींना वाचवते असे प्रयोग आहेत. परंतु याच जातीची गंधकयुक्त शर्करा, हेपारिन, ही अल्झायमरच्या दुसऱ्या प्रथिनाचे, टाऊचे, तंतू मुद्दाम लवकर घडवून आणण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा रोज वापरतात. एकच प्रकारचा विद्युत्भार एका प्रथिनाला आवर घालतो आणि दुसऱ्याला चेतवतो. साखळीची लांबी, गंधकाचे प्रमाण आणि मात्रा बदलली की परिणामाची दिशाही पालटू शकते. ज्या रोग्याच्या मेंदूत ही दोन्ही प्रथिने एकाच वेळी साचत आहेत, त्याला शैवालाचा मिश्र अर्क देणारा मनुष्य नेमके काय देतो आहे, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

चीनमध्ये तपकिरी शैवालापासून केलेल्या लघुशर्करांच्या औषधाला नोव्हेंबर २०१९ मध्ये सशर्त मंजुरी मिळाली. तिचा आधार ८१८ रोग्यांवरील ३६ आठवड्यांची चाचणी हा होता, आणि मंदगतीने वाढणाऱ्या व्याधीसाठी ती मुदत तोकडी आहे असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. खातरजमा करण्यासाठी आरंभलेली आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ साली मध्येच थांबवण्यात आली. आधी मंजुरी आणि मग पुरावा हा क्रम किती महाग पडतो, हे यातून ज्याने त्याने पाहावे.

या सर्व प्रकरणांच्या मुळाशी जी परीक्षा आहे, तिच्याकडे जवळून पाहिल्यावाचून वाद पुरा होत नाही. ९६ खळगे असलेली एक प्लास्टिकची तबकडी घेतात. प्रत्येक खळग्यात प्रथिनाचे द्रावण आणि थायोफ्लेविन-टी नावाचा पिवळा रंग घालतात. हा रंग मोकळा असताना जवळजवळ निस्तेज असतो, पण तंतूंच्या खाचांत अडकला की निळसर-हिरवा चकाकतो. तबकडी यंत्रात ठेवली की काही तास काहीच होत नाही, मग चकाकी भराभर वाढते आणि अखेर एका पातळीवर स्थिरावते. आता ज्या खळग्यात शैवालाचा अर्क टाकला तेथे चकाकी वाढली नाही, तर संशोधक लिहितो की तंतू रोखले गेले. परंतु शैवालाचा अर्क स्वतःच गडद असतो. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये प्रकाश शोषून घेतात, तर काही रंगाच्या रेणूंना तंतूंवरून ढकलून स्वतः त्यांच्या जागी बसतात. तंतू जसेच्या तसे असतात, फक्त दिवा मालवलेला असतो. म्हणून त्याच खळग्यातील थेंब इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घालून तंतू खरोखरच नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहावे लागते. ते नाहीत असे ठरले तरी काम संपत नाही. मोठ्या तंतूंपेक्षा त्यांच्या आधीचे लहान पुंजके पेशींना अधिक घातक असतात असे मानण्यास सबळ कारणे आहेत, आणि तंतू होण्याचे अडवले म्हणजे पुंजक्यांचाच साठा वाढण्याचा संभव असतो. तंतूंची संख्या घटली, या एका वाक्यावर समाधान मानणारा लेख मला अर्धा वाटतो.

या कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरलेला एक सागरी रेणू आहे, आणि त्याचे उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. कोळीवाड्यातील टोपलीत दिसणारी मुशी ज्या शार्कवर्गातील आहे, त्याच वर्गातील एका लहान माशाच्या शरीरातून मायकेल झासलॉफ यांनी १९९३ साली स्क्वालामिन हे द्रव्य वेगळे केले, ते जंतुनाशक म्हणून. १९९५ पासून ते रसायनशाळेत तयार करता येते; त्यासाठी मासा मारावा लागत नाही. २०१७ साली केंब्रिज येथील संशोधकांनी झासलॉफ यांच्यासह दाखवले की, अल्फा-सिन्युक्लीनचे तंतू जेथे जन्म घेतात त्या पेशीपटलावरून हा रेणू प्रथिनाला दूर सारतो, आणि कंपवाताची लक्षणे उत्पन्न केलेल्या सूक्ष्म कृमींत पक्षाघात कमी करतो. येथे केवळ चकाकी घटल्याचे सांगितलेले नाही. रेणू कोठे बसतो, कोणाची जागा घेतो, कोणत्या टप्प्यावर आडवा येतो, हे सर्व मोजून दाखवले आहे. औषध म्हणून तो उद्या अयशस्वी ठरला तरी पेशीपटल हे युद्धाचे ठिकाण आहे ही त्याने शिकवलेली गोष्ट राहील. समुद्र शिक्षक आहे असे मी म्हणतो ते या अर्थाने.

याला प्रतिपक्षाचे उत्तर असे येते, आणि ते मी हलके मानत नाही: ज्याची आई आज त्याला ओळखत नाही, त्याने पेशीपटलाच्या मोजमापाची वाट का पाहावी? अपाय होणार नसेल तर शैवालाची भुकटी देऊन पाहण्यात काय हरकत आहे? हरकत दुहेरी आहे. पहिली अशी की अपाय नाही हे गृहीत धरलेले असते. शैवाले आयोडीन व जड धातू आपल्यात साठवतात, आणि फ्युकॉइडनसारखी द्रव्ये रक्त गोठण्याच्या क्रियेत हस्तक्षेप करतात. रक्त पातळ ठेवण्याची गोळी जी आजी रोज घेते, तिच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. दुसरी हरकत अधिक मूलगामी आहे. मेंदूतील गुठळ्या साफ करण्यात यश आले तरी माणूस परत मिळतोच असे नाही. लेकानेमॅब या प्रतिपिंडाने १,७९५ रोग्यांच्या चाचणीत बीटा-अमिलॉइडचे थर खरोखर घटवले आणि २०२३ साली त्याला अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळाली. परंतु १८ महिन्यांत ऱ्हासाची गती मंदावली ती सुमारे २७ टक्क्यांनी, १८ गुणांच्या मापनात ४५ शतांशांच्या फरकाने, तीही व्याधीच्या आरंभीच्या अवस्थेतील माणसांत, आणि काहींच्या मेंदूत सूज व सूक्ष्म रक्तस्राव होण्याची किंमत देऊन. गुठळी जेव्हा पेशी मरून गेल्यावर अडवली जाते, तेव्हा ती अडवण्याला फारसा अर्थ उरत नाही. दाराशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आजींना त्या क्षणी हवी असते ती जवळ बसणारी, ओरडून न बोलणारी, "चल, जेवून मग निघू" म्हणून हात धरून आत नेणारी व्यक्ती. आणि दिवसाचे चार तास जरी अशी सोबत देणारे केंद्र वस्तीत निघाले, तर भुकटीवर जाणाऱ्या पैशाचा त्याहून चांगला विनियोग मला सुचत नाही. संशोधन हे उद्याच्या रोग्यांसाठी आहे. आजच्या रोग्याला त्याच्या नावाने काही विकणे गैर आहे.

आपल्या किनाऱ्याने या संशोधनात काय करावे? आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे, आणि समुद्रजीवांच्या रसायनांचा अभ्यास तेथे गेली अनेक दशके चालला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कडुलिंबातील द्रव्ये टाऊच्या तंतूंवर तपासली गेली. पवईत थेंबांचे काम आहे. एकीकडे रेणू वेगळे करणारे हात, दुसरीकडे प्रथिनांचे वर्तन जाणणारी बुद्धी. यांच्यामध्ये कायमचा दुवा घालण्याची तजवीज राज्याने केली, तर नव्या इमारतीवाचूनही मोठे काम होईल.

आणि ठाण्याची खाडी? नौपाड्यात शाळा चालवणाऱ्या विद्या प्रसारक मंडळाचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९६९ पासून चेंदणीच्या बाजूस खाडीकाठी आहे. तेथील अध्यापक-विद्यार्थ्यांनी या पाण्यातील जीवांच्या, कांदळवनाच्या आणि प्रदूषणाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. ओहोटीला तेथे उभे राहिले की तिवरांची श्वासमुळे चिखलातून वर आलेली दिसतात, निवट्या उड्या मारतात, आणि दगडांच्या पाण्याकडील अंगाला शैवालाचा हिरवा-काळा लेप असतो. या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य ठरला आणि २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. पण याच पाण्यात औद्योगिक पट्ट्यातील सांडपाणी आणि शहराचा मैला उतरत आला आहे. तांबे आणि जस्त या धातूंमुळे बीटा-अमिलॉइडच्या गुठळ्या होण्याची गती व तऱ्हा बदलते. तेव्हा खाडीतील शैवालाच्या अर्काने तबकडीवर काही करून दाखवले, तर ते शैवालाचे कर्तृत्व की कारखान्याच्या गाळाचे, हे आधी ठरवावे लागेल. प्रदूषण हा येथे केवळ निसर्गप्रेमाचा प्रश्न नाही. ते पुराव्यातच भेसळ करते, आणि एखादी जात नाहीशी झाली की तिने शिकवायचे ते न शिकवताच ती जाते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाविद्यालयाने, महानगरपालिकेच्या जैवविविधता समितीने आणि चेंदणीच्या कोळी बांधवांनी मिळून खाडीतील जीवांची एक नोंदवही ठेवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे अशी वही ठेवणे समितीचे कर्तव्यच आहे, आणि तिच्यामुळे उद्या एखाद्या रेणूपासून लाभ झालाच तर त्यात स्थानिकांचा हिस्सा मागण्यास दप्तरी आधार राहील. नमुना कोठला, तारीख कोणती, भरतीची वेळ की ओहोटीची, जात कोणी ओळखली, नमुना कोणत्या संग्रहात जपला, त्यात तांबे, जस्त, शिसे किती, अर्क कोणत्या द्रावकात काढला, चकाकी घटल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले, हे सारे त्या वहीत असावे. ज्या अर्काने काहीच केले नाही त्याचीही नोंद तितक्याच काळजीने व्हावी आणि ती सर्वांना खुली असावी, म्हणजे पुढील वर्षी त्याच दगडावरचे तेच शैवाल खरवडून दुसऱ्या विद्यार्थ्याला दोन वर्षे घालवावी लागणार नाहीत.